कुमुद, सुकेळी आणि माझी टुटीफ्रुटी

कुमुद,

परवा तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तुमच्या घराचं दार सकाळपासून उघडं होतं आणि समोर आमचंही. मधल्या जागेत चपलांचा ढीग पडला होता. नांदेडहून आलेल्या तुझ्या बहिणी पांढऱ्या साड्यांत एका रांगेत बसल्या होत्या. तिघींचंही कपाळ अगदी तुझ्यासारखं, त्यामुळे त्यांच्याकडे बघवत नव्हतं. वंदना झाली. मग लोक बोलले. कुमुदताई शिस्तीच्या होत्या, अभ्यासू होत्या, शाळेतल्या मुलींसाठी झिजल्या. सगळं खरं होतं, पण त्यातली तू मला ओळखूच येईना. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नुसती मान हलवली. मला तुझ्याबद्दल काही सांगायचं नव्हतं. तुझ्याशी बोलायचं होतं, आणि ते माइकवर कसं बोलणार?

म्हणून आज ओट्याशी स्टूल ओढून हे लिहितेय. केकची ऑर्डर आज घेतलेली नाही.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. आम्ही परळची खोली सोडून सिल्व्हर पार्कला राहायला आलो तेव्हा इथे मला कुणी ओळखत नव्हतं. शेजारी गुजराती कुटुंब, खालच्या मजल्यावर मुसलमान, वर एक मल्याळी नर्स. दिवसभर हिंदी बोलून जीभ दमायची. आणि समोरच्या दारावर पाटी: सौ. कुमुद कांबळे, बी.एस्सी., बी.एड. मराठी पाटी वाचून मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्याच दिवशी मी केक घेऊन दार वाजवलं. घरातून केक करून द्यायला मी तेव्हा नुकतीच सुरुवात केली होती. केक साधाच, पण भरपूर टुटीफ्रुटी घातलेला. लाल, हिरवी, पिवळी.

तू मला बसवलंस, चहा टाकलास, केकचा तुकडा बशीत घेतलास आणि एकेक टुटीफ्रुटी नखाने काढून बशीच्या कडेला लावायला लागलीस. तेही रंगवार.

"आवडत नाही का?" मी विचारलं.

"केक सुंदर झालाय. पण हे काय असतं ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"कच्ची पपई. मी घरीच करते."

"पपई होती," तू म्हणालीस. "आता हे पपईचं भूत आहे."

इतका राग आला मला! नवी शेजारीण, पहिली भेट, आणि ही बाई माझ्या केकची शवचिकित्सा करतेय. मी म्हटलं, "बाई, केक काय पोट भरायला खातात का? आनंदासाठी खातात." तू अजिबात रागावली नाहीस. उलट डोळे चमकले तुझे. "तुम्ही करता कशी ते बघायला येऊ का?" असं विचारलंस, आणि मी नाही कशी म्हणणार?

आलीस, आणि माझ्या ओट्याशी उभी राहून सगळं बघितलंस. पपईच्या फोडी काचेसारख्या होईपर्यंत उकळताना, पाकात टाकताना, पाक आटवताना. मुरायला ठेवून मी झाकण घातलं तेव्हा तू वर्गात बोलावं तसं बोललीस. "पपईत जे कामाचं होतं त्यातलं बरंचसं उकळताना बाहेर पडलं. आतून ती पोकळ झाली. आता त्या जागेत साखर जाऊन बसतेय. शेवटी तुझ्या हातात येतं ते निम्म्याहून जास्त साखरच. थोडा चोथा उरतो, तेवढीच काय ती पपई." बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं, हे तुझ्याही लक्षात आलं नाही.

"मग शहाण्या माणसांनी खायचं काय?" मी विचारलं.

तू घरी गेलीस आणि केळीच्या सुक्या पानात बांधलेली एक पुडी घेऊन आलीस. वसईची सुकेळी. राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, उन्हात वाळवलेली. चामड्यासारखी दिसणारी, मधासारखी चिकट. जन्म नांदेडचा, पण खाडीपलीकडच्या या केळ्यांवर तुझं प्रेम असं की जणू तुझ्या सात पिढ्या वसईत केळी लावत होत्या.

"यातून फक्त पाणी गेलंय," तू म्हणालीस. "बाकी सगळं आतच आहे. तंतू, पोटॅशियम, मॅग्नेशियम. फक्त दाटीवाटीने बसलंय."

"आणि साखर?"

"तीही दाटीवाटीनेच. केळ्याची स्वतःची असली तरी साखरच ती. म्हणून एक खायची, सहा नाही. आणि क जीवनसत्त्व वाळवताना बहुतेक जातं, ते सुकेळीकडे मागायचं नाही. त्याला पेरू खा, आवळा खा."

तिथेच मला तू आवडलीस, कुमुद. स्वतःच्या लाडक्या सुकेळीचीही तू उगाच तारीफ करायला तयार नव्हतीस.

त्या उन्हाळ्यात आपण स्वतः सुकेळी करायच्या असं तूच ठरवलंस. राजेळी केळ्यांचा घड आणला, पिकवला, सोलला, आणि सोसायटीच्या गच्चीवर जुन्या साडीवर मांडला. दुपारी सेक्रेटरी वर आले. आपल्या बिल्डिंगमध्ये बरीच शाकाहारी घरं. लांबून ते तपकिरी तुकडे बघून त्यांचा चेहराच पडला.

"बहनजी, ये टेरेस पे मच्छी सुखा रहे हो?"

"मच्छी नहीं, केला है!" तू ओरडलीस.

"केला ऐसा होता है क्या?"

"खाके देखो ना!"

त्यांनी काही खाल्लं नाही. माश्या येतील, कबुतरं येतील, वरती कॉमन एरिया आहे, असं बरंच बोलले. संध्याकाळी आपण केळी गोळा करून खाली आणली. मी म्हटलं, जाऊ दे, मी यांची कँडी करते. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी केळी मुकाट डब्यात भरली.

तू आधी उत्तनकडच्या शाळेत होतीस. तिथल्या तुझ्या एका विद्यार्थिनीची आई, फिलू, जवळच समुद्रकाठी पालीला राहायची. दुसऱ्या दिवशी डबे घेऊन आपण दोघी तिच्या दारात. अंगणात बोंबील वाळत होते. फिलू कमरेवर हात ठेवून केळ्यांकडे बघत राहिली.

"जागा हाय गो बाई. पन बोंबलाचा वास लागंल. मंग माजं नाव न्हाय घ्यायचं."

"नाही घेणार."

"आनि ही कोन?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ही नंदा. ही फळांची भुतं करते."

फिलूने ती केळी मनापासून सांभाळली. रोज उलटून, संध्याकाळी घरात घेऊन. आणायला गेलो तेव्हा बांधूनही दिली. वास लागलाच होता. तू परतीच्या रिक्षात एक खाल्लीस, डोळे मिटून, आणि म्हणालीस, "समुद्राची चव आहे." मी म्हटलं, "बोंबलाची आहे." त्यावर रिक्षावालासुद्धा हसला. तुझं नाव निघालं की मला आधी ती रिक्षा आठवते. मांडीवर डबा, वाऱ्याने सुटलेले केस, आणि तोंडात बोंबलाच्या वासाची सुकेळी. फोटो त्याचा कुणी काढला नाही.

शाळेत तुझ्या मुली प्रार्थनेला उभ्या असताना चक्कर येऊन पडायच्या. सकाळी उपाशी यायच्या. तू त्यांना खजूर, मनुका, शेंगदाणे द्यायला लागलीस. आया यायच्या आणि म्हणायच्या, टीचर, मनुक्याने रक्त वाढतं ना? तू सरळ हो म्हणाली असतीस तर त्या खूश होऊन गेल्या असत्या. पण तू त्यांना बसवून सांगायचीस की मनुक्यात लोह आहे, पण थोडं. पालेभाजी हवी, डाळ हवी, वर लिंबू पिळा म्हणजे ते अंगाला लागतं. आणि लोहाच्या गोळ्या दिल्यात तर त्या घ्या, मनुक्याच्या भरवशावर राहू नका. सुकामेवा दातांना चिकटतो, खाऊन चूळ भरा, हेही सांगायचीस. कुणी तुला विचारलं की आवळा कँडीही चालेल का, की तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आपला वाद मात्र संपला नाही. मी म्हणायचे, वाढदिवसाच्या दिवशी मुलाला लाल तुकडा दिसला की तो हसतो, त्याचं काय करायचं? ते हसू कुठल्या तक्त्यात बसवतेस? तू म्हणायचीस, हसू दे ना, पण मग त्याला फळ म्हणू नकोस. आया फसतात. फळ आहे म्हणून डब्यात रोज देतात. मी म्हणायचे, दरवेळी पोटालाच विचारून खायचं का? तू म्हणायचीस, एकदा तरी विचार. असं वर्षानुवर्षं चाललं. चहा गार व्हायचा, तुझी प्राची मधेच येऊन म्हणायची, "आई, मावशी, तुमचं पपईपुराण झालं की मला गणित समजावून द्या."

एक गोष्ट तुला मी सांगितलीच नाही. लहान मुलांच्या केकमध्ये मी टुटीफ्रुटी अर्धी केली आणि त्या जागी मनुका आणि सुकेळीचे बारीक तुकडे घालायला लागले. लोकांना आवडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, माझी स्वतःची रेसिपी आहे. तुला सांगितलं असतं तर तू महिनाभर मिरवली असतीस, म्हणून सांगितलं नाही. नंतर सांगू म्हटलं. त्या 'नंतर'चं आता काय करू?

मग तुझे पाय सुजायला लागले. उभं राहून शिकवते म्हणून सुजतात, तू म्हणालीस. डोकं दुखायचं, तर खडूची धूळ. रक्त कमी आहे का म्हणून दुसऱ्यांच्या मुलींचे डोळे ओढून बघणारी तू, स्वतःचं ब्लड प्रेशर मोजायला गेली नाहीस. गेलीस तेव्हा डॉक्टरांनी लगेच रक्त तपासायला पाठवलं. तुझे विलासभाऊ रिपोर्ट घेऊन जिन्यातच बसले. मी कचरा टाकायला बाहेर आले होते. "वहिनी, दोन्ही किडन्या," एवढंच म्हणाले.

डायलिसिस सुरू झालं. विलासभाऊंना ऑफिसमुळे दरवेळी जमायचं नाही, तेव्हा मी यायचे. आहार सांगणारी बाई पहिल्यांदा आली त्या दिवशी मीच तुझ्याजवळ होते. तरुण होती, चांगली होती. हळू आवाजात समजावत गेली. मीठ कमी. पाणी मोजून. नारळपाणी नाही. केळं नाही.

"आणि सुकामेवा पूर्ण बंद," ती म्हणाली. "खजूर, मनुका, अंजीर, जर्दाळू, काहीच नाही."

तू तिच्याकडे बघत राहिलीस. ती समजावू लागली की त्यात पोटॅशियम, तेव्हा तू हात वर केलास.

"माहितीये," तू म्हणालीस. "मीच शिकवते ते. दाटीवाटीने असतं."

"अगदी बरोबर. निरोगी माणसाची किडनी जादाचं बाहेर टाकते. तुमची टाकू शकत नाही. रक्तात वाढलं की थेट हृदयावर येतं."

"मग गोड काय खायचं?" हे मी विचारलं. मला काहीतरी विचारायचं होतं.

"यांना डायबेटिस नाही ना? मग पेठ्याचा छोटा तुकडा चालेल. पाकवलेलं फळ थोडं चालेल, पाक निथळून. उकळण्यात पोटॅशियम बरंचसं निघून गेलेलं असतं त्यातलं."

तू मान वळवून माझ्याकडे पाहिलंस. मशीन चालू होतं, हाताला नळ्या होत्या, आणि तुझे ओठ थरथरत होते. मला वाटलं तू रडतेयस. तू हसत होतीस. इतकी हसलीस की सिस्टर धावत आली, काय झालं म्हणून.

दोन दिवसांनी माझं दार वाजलं. "नंदे," तू उंबऱ्यातूनच म्हणालीस, "ते तुझं पपईचं भूत आण बघू."

त्या दिवसापासून मी तुझ्यासाठी वेगळी करायला लागले. रंग न घालता. फोडी बारीक, जास्त वेळ उकळलेल्या, पाक पूर्ण निथळलेला. लिंबाची साल उकळून, कडूपणा घालवून, साखरेत घोळवून द्यायचे. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे तुझं तोंड कोरडं पडायचं. तू सालीचा इवलासा तुकडा जिभेखाली धरून बसायचीस. इतकी वर्षं मी केक केले, लग्नाचे, बारशांचे, तीन मजली. पण माझ्या हातचं एखाद्याच्या खरंच उपयोगी पडतंय हे मला त्या सालीने दाखवलं. आणि त्याचा आनंद व्हायचा तर तो आनंद मला सहन होत नव्हता.

भेटायला येणारे लोक नेमके सुकामेव्याचे डबे घेऊन यायचे. आजारी माणसाकडे जाताना तेच तर नेतात. काजू, बदाम, अंजीर, वर चंदेरी कागद. तू सगळ्यांना "वा!" म्हणायचीस आणि ते गेले की डबा प्राचीकडे द्यायचीस, तुझ्या शाळेत मुलींना वाटून यायला. कुणाला तू कधी कळू दिलं नाहीस की त्यांनी आणलेलं तुला विष आहे.

आणि मग ती सुकेळी. फिलूने तुझ्या आजाराचं ऐकलं आणि स्वतः वाळवून, बांधून, बसने एवढ्या लांब घेऊन आली. तिला कोण सांगणार? तू तिचे हात धरलेस. ती गेल्यावर मी पुडी उचलायला लागले तर तू म्हणालीस, "राहू दे. प्राचीला देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी विलासभाऊंचा फोन आला. तुला उठता येत नव्हतं, पायातली शक्तीच गेली होती, छातीत धडधडत होतं. रिक्षा, इस्पितळ, ईसीजी, तातडीचं डायलिसिस. वाचलीस. संध्याकाळी मला आत सोडलं तेव्हा तू छताकडे बघत होतीस.

"दीड खाल्ली," तू म्हणालीस. "अर्धीच खाणार होते."

मी तुझ्या पायांवरची चादर नीट केली.

"मला सगळं माहीत होतं, नंदे. किती, कसं, कुठे जाऊन काय करतं, सगळं. तरी खाल्ली. आणि काय सांगू, खाताना इतकी सुखी होते मी." मग म्हणालीस, "जीभ ऐकत नाही हे मी मुलींना कधी शिकवलंच नाही. नुसतं काय चांगलं ते सांगत राहिले."

"आता बोलू नकोस."

"वाद अर्धा तू जिंकलीस. पूर्ण नाही, अर्धा. उरलेला घरी आल्यावर."

घरी आलीस तेव्हा पुडीत सुकेळी शिल्लक होत्या. मी त्या फेकायला निघाले, तू फेकू दिल्या नाहीस. फिलूने उन्हात बसून केल्यात, म्हणालीस. "तू खा. माझ्यासमोर बसून खा." मला नको होतं, पण तू हट्टच धरलास. मी खाल्ली. तू समोर गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसलीस आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस.

"कशी आहे? नीट सांग."

"गोड आहे."

"गोड काय, साखरही गोड असते. नीट सांग."

मी डोळे मिटले आणि सांगायचा प्रयत्न केला. वरून चिवट लागते, म्हटलं. मग मऊ होते. मधासारखी, पण थोडी धुरकट. शेवटी किंचित आंबट येतं. आणि हो, बोंबील आहे. तू खुदकन हसलीस. "अजून सांग," म्हणालीस. मी एकेक घास खात आणि सांगत राहिले. आयुष्यात इतक्या लक्षपूर्वक मी काही खाल्लेलं नाही, आणि इतक्या कष्टाने काही गिळलेलं नाही.

त्यानंतर तू शाळेत जायचा हट्ट धरलास. रजेवर होतीस, पण मुख्याध्यापिकांना फोन करून एक तास मागून घेतलास. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तुला त्यातल्या त्यात बरं वाटायचं, तो दिवस धरला. रिक्षातून मी तुला नेलं. एका डब्यात मनुका, खजूर आणि सुकेळी, दुसऱ्यात माझी टुटीफ्रुटी, पेठा, लिंबाची साल. जिने चढताना तू प्रत्येक वळणावर थांबलीस. वर्गात मुली उभ्या राहिल्या. तुझा सुजलेला चेहरा आणि हाताची पट्टी बघून काहीजणी लगेच रडायला लागल्या. "बसा," तू म्हणालीस, त्याच जुन्या आवाजात, आणि सगळ्या बसल्या.

तू खुर्चीत बसूनच शिकवलंस. दोन्ही डबे टेबलावर ठेवले. दोन्ही गोड, दोन्ही फळापासून. एकातून पाणी काढलं, बाकीचं सगळं राहिलं. दुसऱ्यातलं पुष्कळसं काढून साखर भरली. रोजच्या डब्यात कोणतं? मुलींनी पहिल्याकडे बोट दाखवलं. किती? "मूठभर, बाई!" सणाला कधीतरी कोणतं? दुसरं. खाऊन काय करायचं? "चूळ!" पाठच होतं त्यांना.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, तुम्ही कोणतं खाता?"

तू दोन्ही डबे जवळ ओढलेस. मग दुसऱ्या डब्यातला पपईचा तुकडा उचललास आणि तोंडात टाकलास. मुली हसल्या. त्यांना वाटलं, बाई गंमत करतायत.

"गंमत नाही," तू म्हणालीस. "माझं शरीर आता वेगळं चालतं. जे तुम्हाला शक्ती देतं तेच मला मारू शकतं. आणि जे मी तुम्हाला खाऊ नका म्हणते, त्यातलं थोडं मला चालतं. म्हणून एक लिहून घ्या. हे अन्न चांगलं की वाईट, एवढंच विचारू नका. कुणासाठी, ते आधी विचारा. आजारी माणसाकडे काही घेऊन जाताना त्याला चालतं का विचारा. लाजू नका." मग तू माझ्याकडे हात केलास. "आणि जीभ दुष्ट नसते. तिलाही काहीतरी द्यायला लागतं. हे मला या मावशींनी शिकवलं. मी ऐकायला फार वेळ लावला."

मी दाराशी उभी होते. माझ्याकडे पन्नासेक मुलींनी एकदम वळून पाहिलं आणि मला कुठे बघावं कळेना.

परतताना तू रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. तू तशी कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवणारी नव्हेस. सिल्व्हर पार्क आलं तरी मी रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, एक चक्कर और मार लो.

तो तुझा शेवटचा वर्ग होता हे आपल्याला माहीत नव्हतं. पुढच्याच महिन्यात ताप आला. डायलिसिसच्या नळीतून जंतू गेले, असं डॉक्टर म्हणाले. ताप चढतच गेला. शेवटी शेवटी तू विलासभाऊंनाही ओळखत नव्हतीस, पण मी ओठांना लिंबाची साल लावली की ओठ हलायचे. मंगळवारी सकाळी सिस्टरने मला बाहेर थांबायला सांगितलं. मी बाहेर थांबले. आत प्राची होती, विलासभाऊ होते. प्राचीचा आवाज आला आणि मला कळलं.

उरलेला अर्धा वाद तू नेलास. मी कितीदा मनातल्या मनात तुझ्या बाजूने बोलून बघते, मग माझ्या बाजूने उत्तर देते. जमत नाही. तू काय म्हणाली असतीस ते मला अंदाजाने येतं, पण तू मधेच एखादं असं बोलायचीस की माझी बोलतीच बंद व्हायची. ते अंदाजाने येत नाही.

आज सकाळचं सांगते, मग उठते.

विलासभाऊ आजपासून कामावर जाणार होते. नांदेडची मंडळी काल रात्रीच्या गाडीने गेली. सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज ऐकला आणि मी गेले. प्राची भाजी करत होती. तू आजारी पडल्यापासून तुमच्याकडे भाजी कशी व्हायची ते मला माहीत आहे. बारीक चिरायची, भरपूर पाण्यात उकळायची, पोटॅशियम उतरलेलं ते पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा उकळायची, आणि मग फोडणी, मीठ नावाला. तुझ्या एकटीसाठी वेगळं करू द्यायला विलासभाऊ तयार नव्हते. कुमुद जे खाईल ते आम्हीही खाऊ, म्हणाले होते. तिघांनी मिळून ती पांढरी, बेचव भाजी खाल्ली, इतके दिवस. तू त्यांना कितीदा रागावलीस. ते ऐकत नव्हते.

प्राचीने बटाटे आणि फरसबी उकळली होती. पातेलं दोन्ही हातांनी धरून ती मोरीशी उभी होती, ओतायच्या बेतात. मला बघून थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "आता पाणी टाकायचं नाही ना?"

मी नुसती मान हलवली. तिने पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं. आम्ही दोघींनी मिळून त्याच पाण्यात भाजी केली. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, गोडा मसाला, वर खोबरं, कोथिंबीर. तिने मिठाच्या डब्यात चमचा घातला, माझ्याकडे बघितलं, आणि पूर्ण भरून घेतला.

विलासभाऊ आंघोळ करून, शर्ट घालून पानावर बसले. पहिला घास घेतला. चावायचे थांबले.

"चव लागतेय," ते म्हणाले.

आणि ताट तसंच ठेवून उठले, बाल्कनीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी त्यांच्यामागे जाणार होते. प्राचीने माझा हात धरला आणि मला बसवलं. मग तिने स्वतःचं ताट पुढे ओढलं. रडत होती, पण जेवत होती. एक पोळी संपली, दुसरी घेतली. वाटीच्या तळाचा रस्साही तिने बोटाने पुसून खाल्ला.